‘आपल्यात आहेच’ म्हणणाऱ्यांसाठी



मागच्या महिन्यात आमच्या स्वाध्याय मंडळात माझ्या सर्टिफिकेटचा विषय निघाला. निघाला म्हणजे मीच काढला, खोटं कशाला बोलू. राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेले होते. इथल्याच एका विद्यापीठाचा छोटा अभ्यासक्रम मी पुरा केला, ‘परस्परसंवाद आणि कार्यस्थळाचे मानसशास्त्र’ असं त्याचं भारदस्त नाव. दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासांचा. रविवारी वर्ग, एक प्रकल्प आणि शेवटी लेखी परीक्षा. बी.कॉम. झाल्यानंतर चाळीसेक वर्षांनी मी उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडली!

लाडू खाऊन झाल्यावर आमच्यातल्या एक ज्येष्ठ वहिनी म्हणाल्या, "छान केलंस गं. पण त्यात नवीन काय? भाषा समिती आपल्यात आहेच की. हे बाहेरचे लोक आत्ता शिकतायत, आपल्या आचार्यांनी कधीच सांगून ठेवलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येईपर्यंत मला माझ्याच मानेचा राग आला होता.

हे ‘आपल्यात आहेच’ मी लहानपणापासून ऐकत आलेय. डॉक्टर म्हणाले पाणी गाळून-उकळून प्या, आपल्यात आहेच. कुणी इंटरमिटंट फास्टिंग करतंय, आहेच, आपण सूर्यास्तानंतर जेवतच नाही. मांसाहार सोडा, पाणी जपून वापरा, दुसऱ्याची बाजू समजून घ्या, सगळं आहेच. आहे, मी नाही म्हणत नाही. पण ‘आहेच’ म्हटलं की पुढचं काही करावं लागत नाही, ही त्यातली सोय आहे. घरात व्यायामाची सायकल आहे म्हणून कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलं नाही. आमच्या सायकलवर टॉवेल वाळतात.

भाषा समिती म्हणजे काय ते आपल्याला पाठ आहे. पाच समित्यांमधली दुसरी. हिताचं, मोजकं, संशय न ठेवणारं बोलणं. मुळात ती मुनींसाठी, श्रावकांनी जमेल तेवढी पाळायची. परीक्षेत विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी मार्क घेतले असते. आता वर्गात काय झालं ते सांगते.

दुसऱ्याच रविवारी मॅडमनी तिघातिघांचे गट केले. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने दोघांकडे बघून टिपण करायचं. पाच मिनिटं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट सांगायची नाही. पाच मिनिटांनंतर समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं आणि तो "हो, असंच" म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहायचं. माझ्यासमोर एक नर्स होती, तिशीतली. सासूच्या आजारपणात तिला रजा मिळत नव्हती, ते ती सांगत होती. टिपण करायला एक मुलगा, गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला, माझ्या नातवापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठा असेल. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच. आयुष्यभर लोकांचं ऐकतच आलेय.

मुलाने त्याचा कागद वाचून दाखवला. "काकूंनी सात वेळा मध्ये तोडलं. पहिला सल्ला चाळीस सेकंदांत दिला. ताई रजेबद्दल बोलत होत्या, काकूंनी सासूच्या पथ्याबद्दल सांगितलं." मग मी त्या नर्सला तिचं म्हणणं परत सांगायला गेले तर तीन वेळा ती "नाही, तसं नाही" म्हणाली. साठी उलटलेली बाई मी, रोज सामायिक करणारी, पर्वात दहा दिवस एकाशन करणारी, आणि एका बाईचं पाच मिनिटांचं बोलणं मला नीट ऐकता आलं नाही. भाषा समिती पोथीत होती. माझ्या तोंडात नव्हती आणि कानात तर मुळीच नव्हती.

हे मला मंडळात कुणी कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिलेत, आपण सगळ्या ते म्हणतो. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचायचं, विचारायचं, मनात घोळवायचं, पुन्हापुन्हा घोकायचं आणि मग दुसऱ्याला सांगायचं. आता आपल्या मंडळात काय चालतं ते बघा. पहिलं आणि पाचवं. एक वाचते आणि एक सांगते, बाकीच्या घड्याळाकडे बघतात. विचारणं कधी बघितलंत? मागे एका सुनेने विचारलं होतं की मौन धरणं आणि रुसून न बोलणं यातला फरक कसा ओळखायचा. किती चांगला प्रश्न! तिला उत्तर मिळालं, "आधी पाठ तर कर." ती नंतर आली नाही.

मला त्या वर्गात पृच्छना मिळाली. तिथं कुणालाही काहीही विचारता येत होतं, आणि तीच तीच गोष्ट आठ रविवार घोकून घेतली जात होती, चुकलं की पुन्हा. जे आपल्या घरात मिळायला हवं होतं ते मी फी भरून बाहेर जाऊन घेतलं, याचं वाईट मला वाटायला हवं की मंडळाला?

क्षमेचंही तसंच. वर्गात थॉमस आणि किल्मन या दोघांची १९७४ सालची एक प्रश्नावली भरून घेतात. तीस जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं आपल्याला लागू पडणारं एक वाक्य निवडायचं. त्यावरून भांडणाच्या वेळी माणूस काय करतो ते पाच प्रकारांत मोजतात. हट्टाने जिंकणं, मिळून मार्ग काढणं, देवाणघेवाण करणं, टाळणं आणि स्वतः नमतं घेणं. माझे सगळ्यात जास्त गुण टाळण्यात आले. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. मी तर क्षमाशील बाई. मग माझ्या मोठ्या जाऊबाई आठवल्या. एका वाटणीच्या वेळच्या बोलण्यावरून अकरा वर्षं झाली, मी त्यांच्याकडे गेलेले नाही. दर वर्षी क्षमावणीला मात्र हात जोडलेल्या कमळाचं चित्र पाठवते, त्याही पाठवतात. एकाच चित्राने मी एकशे चाळीस जणांची क्षमा मागते. कशाबद्दल, ते ना त्यांना ठाऊक ना मला. आलोचनेत स्वतःचा दोष नाव घेऊन, काही न लपवता सांगायचा असतो. ‘कळत-नकळत काही चुकलं असल्यास’ यात नाव कुठं आलं? (जाऊबाईंना मी अजून फोन केलेला नाही. तेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सुधारले.)

काहीजणी म्हणतील, या वयात कशाला हवं, सर्टिफिकेट घेऊन कुठं नोकरीला जायचंय? त्यांच्याशी मी वाद घालत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे, आपल्यातले, म्हणून आपण केवढा अभिमान सांगतो. त्यांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. शिकण्यापायी घरातलं सोनं गेलेल्यांचे आपण वारस, आणि आपल्याला एका साडीच्या किमतीची फी जड वाटते. तीही द्यायची नसेल तर सरकारचं ‘स्वयम्’ आहे, २०१७ पासून. घरबसल्या शिकायला फुकट, फक्त सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी. वय कुणी विचारत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर लिहायला बसले तिच्याकडे येते.

प्रवेशाच्या अर्जात ‘कार्यस्थळ’ असा रकाना होता. मी लिहिलं, घर. खिडकीतल्या मुलाने हसून म्हटलं, "काकू, तिथं ‘लागू नाही’ लिहा." मी लिहिलं. तेव्हा काही वाटलं नाही. पण पुढे प्रकल्प आला. आपल्या कार्यस्थळावरच्या एका व्यक्तीशी होणारा आपला संवाद चौदा दिवस रोज टिपायचा. कोण बोललं, काय बोललं, विचारलं की सांगितलं, आणि मग त्यात एक बदल करून पुढचे चौदा दिवस परत टिपायचा. बाकीच्यांना साहेब होते, सहकारी होते. मला विचारलं गेलं, तुम्ही मुलाच्या ऑफिसमधलं कुणी घेता का?

मला राग आला. सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. पाच तास रोज, रविवार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही, आणि म्हणे कार्यस्थळ लागू नाही! वर्गात उभी राहून मी हे बोलले. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा आहे ना, त्यात कार्यस्थळाच्या व्याख्येत राहतं घरसुद्धा धरलंय, हेही वाचून गेले होते. टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, तुम्ही घर घ्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कायद्यात घर धरलंय ते कुणासाठी?"

घरकामाला येणाऱ्या बाईसाठी. मी उत्तर दिलं आणि खाली बसले.

मी आपली इतके दिवस घराला कामाची जागा म्हणत होते ती स्वतःच्या हक्कासाठी. त्याच जागेत मी साहेब आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी चौदा वर्षं येतायत. भांडी, झाडू-फरशी. मी त्यांनाच घेतलं प्रकल्पाला. त्यांना सांगून, त्यांची हरकत नाही हे विचारून.

चौदा दिवसांची वही माझ्याकडे आहे. मी त्यांच्याशी एकूण एकशे बारा वाक्यं बोलले. त्यातली सत्त्याण्णव कामं सांगणारी. प्रश्न अकरा, त्यातले नऊ म्हणजे "उद्या येणार ना?" चौदा वर्षांत त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मी साडी दिली, आजारपणात पैसे दिले, सणाला गोडधोड देते. मी चांगली मालकीण आहे असंच माझं मत होतं. मंडळाचंही आहे. वही काही मत देत नाही, नुसती आकडे दाखवते. कॉमर्सच्या बाईला आकड्यांशी भांडता येत नाही.

दुसऱ्या पंधरवड्यात मी रोज दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसायचं ठरवलं, मध्ये न बोलता. पहिले तीन-चार दिवस त्या घाबरल्याच, म्हणाल्या, "वैनी, कामावरून काढणार हाय का मला?" नंतर बोलायला लागल्या. आणि एक दिवस भांडी घासताघासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राग मानू नका. पण तुमचं पर्व जवळ आलं की माझं अंग भरून येतंय."

मी काही बोलले नाही. सवय झाली होती तोपर्यंत.

त्यांनी सांगितलं ते असं. दशलक्षणाच्या दहा दिवसांत आमच्याकडे पूजेची पितळी भांडी रोज निघतात. पारण्याला माणसं येतात. एकाशनाचा स्वयंपाक वेगळा, मुलांचा वेगळा, म्हणजे भांडी दुप्पट. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून त्यांना संध्याकाळी सातऐवजी पाचलाच यावं लागतं, त्यामुळे त्यांची एक दुसऱ्या घरची वेळ चुकते आणि तिथं पैसे कापले जातात. शेवटच्या दिवशी सगळं घर धुवायचं. आणि वर त्यांच्यासमोर आम्ही सगळ्या म्हणतो, "किती शांत वाटतं ना या दिवसांत!"

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. चौथा म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं. मी लहानपणी तो बैलगाडीचं चित्र डोळ्यांपुढे आणून पाठ केला होता, आणि आमच्याकडे बैल नाहीत म्हणून मी या अतिचारातून सुटले असं धरून चालले होते. आम्ही मुंगी वाचवतो, कांदा-बटाटा सोडतो, पाणी गाळून त्यातले जीव परत विहिरीला पोहोचवायची रीत सांगतो. मोरीशी बसलेला पंचेंद्रिय जीव दहा दिवस आमच्या व्रताचं ओझं वाहतोय, हे मला विद्यापीठाच्या एका वहीने दाखवलं. शास्त्रात होतंच. मग मला चौदा वर्षं का दिसलं नाही?

पण मैत्रिणींनो, विद्यापीठाची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. अभ्यासक्रमातही एक खोट आहे, आणि ती ओळखायला मला आपला धर्मच उपयोगी पडला.

बी.कॉम.ला आम्हाला व्यवस्थापनाच्या पेपरात हॉथॉर्नचे प्रयोग होते. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना, १९२४ पासून पुढची सात-आठ वर्षं, एल्टन मेयोचं नाव. दिव्यांचा उजेड वाढवला तर उत्पादन वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, कारण कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय हेच कामगारांना बरं वाटलं, एवढं लिहिलं की पाच मार्क. पुढची गोष्ट तेव्हा कुणी शिकवली नव्हती. तिथं वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी ठरलेले प्रश्न विचारायचे, मग लक्षात आलं की माणसाला मोकळं बोलू दिलं की त्याचं मन हलकं होतं. म्हणून १९३६ पासून कंपनीने खास ऐकणारी माणसं नेमली. ती कामगारांचं सगळं ऐकत, गुप्त ठेवत, आणि तक्रारीबद्दल करत काहीच नसत. ते त्यांचं कामच नव्हतं. ऐकायचं, म्हणजे वाफ निघून जाते आणि यंत्र चालू राहतं.

आमच्या वर्गातही तसलं एक सत्र झालं. चिडलेल्या कर्मचाऱ्याला कसं शांत करावं. "तुमची भावना मी समजू शकतो" हे वाक्य कुठल्या आवाजात म्हणायचं, मान किती कलती ठेवायची, त्याचा सराव घेतला. माझ्या गटातली ती नर्स उठून म्हणाली, "सर, भावना समजल्यावर डबल ड्युटी कमी होते का?" सर म्हणाले, तो प्रश्न या अभ्यासक्रमाच्या कक्षेत येत नाही.

मला लगेच आर्जव आठवलं. दहा धर्मांतला तिसरा, मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करणं तिसरंच, असं नसणं. त्याच्या उलट माया, चार कषायांतली. मऊ आवाजात ऐकून घ्यायचं आणि मनात आधीच ठरवलेलं असायचं की द्यायचं काही नाही, ही माया आहे, कौशल्य म्हणून कितीही मार्क मिळोत. ती त्यांच्या कारखान्यात आहे तशी आपल्या घरातही आहे. सुनेला जवळ घेऊन "मला सगळं समजतं गं बाळा" म्हणणाऱ्या आणि सकाळचा डबा तिच्याकडूनच करून घेणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. त्यातली एक आरशात.

तेव्हा मावशींचं ऐकून मला बरं वाटत होतं त्या रात्री झोप आली नाही. दहा मिनिटं ऐकलं, वहीत लिहिलं, प्रकल्पाला चांगले मार्क मिळणार. आणि भाद्रपदात मावशी पुन्हा पाचला येणार. मग मी आणि तो कारखाना यात फरक काय?

यजमानांशी बोलले. ते म्हणाले, मागितले का त्यांनी? मागितले नव्हते. शेवटी असं ठरलं. पर्वाच्या दहा दिवसांचे वेगळे आठशे रुपये, पितळी भांडी मी आणि सूनबाई घासणार, पारण्याला पत्रावळ्या, आणि वर्षभर आठवड्याची एक सुट्टी, पगार न कापता. मावशींनी ऐकलं आणि विचारलं, "रविवार देणार का दुसरा कुठला?" रविवारी आमच्याकडे माणसं असतात. मी म्हणणार होते, दुसरा बघू. रविवारच दिला.

ही बातमी मंडळात कशी पोहोचली कळलं नाही. पण लाडवांच्या दिवशी ‘भाषा समिती आहेच’ नंतर दुसरं वाक्य तेच आलं. "तू रेट बिघडवून ठेवलास. आता आमच्या बायका पण मागतात." हे बोलताना आवाज अजिबात मोजका नव्हता. एकजण म्हणाली, व्रत हा आपला वैयक्तिक प्रश्न आहे, त्यात कामवालीचा संबंध आणू नये. एकजण म्हणाली, "आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो." घरच्या माणसाला उद्या येणार ना असं रोज कोण विचारतं?

रेटचंच म्हणाल तर विधानाच्या वेळी बोली सुरू झाली की आपले आकडे कसे भराभर चढतात ते मी पाहिलंय. पहिल्या कलशाला कुणी म्हणत नाही की रेट बिघडला. मीही बोली लावलीय, पुण्याचं काम आहे, मी नाव ठेवत नाही. पण तिथं एकवीस हजार म्हणणारा आवाज इथं आठशेला अडखळतो, तेव्हा मला पृच्छना करावीशी वाटते.

येत्या स्वाध्यायाला मी वाचनाची पाळी मागून घेतलीय. वाचणार काही नाही. तिघीतिघींचे गट करणार आहे, पाच मिनिटं, घड्याळ लावून. एकीने पर्वाच्या दहा दिवसांत तिच्या घरी कोण किती वाजता उठतं आणि कोण किती वाजता आडवं होतं ते सांगायचं, दुसरीने मध्ये न तोडता ऐकायचं, तिसरीने कागदावर टिपायचं. ज्येष्ठ वहिनींना मी टिपणाऱ्या गटात घालणार होते, पण सूनबाई म्हणाली, त्यांना ऐकणाऱ्या करा. काही जणी येणार नाहीत असं कानावर आलंय. ज्या सुनेचा मौनाचा प्रश्न राहिला होता तिला मी घरी जाऊन बोलावून आले. ती येते म्हणाली, नक्की सांगता येत नाही.

आणि हो, माझ्या गुणपत्रिकेवर प्रकल्पाच्या ओळीत अजूनही ‘कार्यस्थळ : लागू नाही’ असंच छापून आलंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, सोबत वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडून. तीन आठवडे झाले. खिडकीतला मुलगा म्हणतो, काकू, वरून मंजुरी यायचीय.